तुम्ही विचारलंत म्हणून: स्टुडिओतलं सोडून लाइव्ह कशाला?

"डेथ मेटल ऐकता ते एक वेळ समजू. पण स्टुडिओतलं स्वच्छ रेकॉर्डिंग असताना लाइव्ह कशाला? आधीच तो आरडाओरडा, त्यात गर्दीचा कल्ला!" हेडफोन काढले की हा प्रश्न हमखास येतो. (डेथ मेटल म्हणजे रॉक संगीताचा जहाल, गुरगुरत्या गळ्याने गायला जाणारा प्रकार.)

सरसकट लाइव्ह अल्बमांची वकिली मी करणार नाही. त्यातले बरेचसे चाहत्यांच्या खिशाकडे बघून काढलेले असतात. मी ऐकतो तो डेथ या बँडचा 'लाइव्ह इन आइंडहोवन 98'.

डेथ फ्लोरिडाचा. गिटार वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या चक शुल्डिनरने तो 1983 मध्ये दुसऱ्याच नावाने सुरू केला. पुढे माणसं येत-जात राहिली, चक तेवढा कायम. युरोपात या बँडचं एकदा चांगलंच हसं झालं होतं. 1990 च्या दौऱ्यातून चकने ऐनवेळी अंग काढून घेतलं, तर बाकीच्यांनी आपल्याच रोडींना (दौऱ्यात वाद्यं-सामान सांभाळणाऱ्यांना) मंचावर उभं करून त्याच्याशिवाय दौरा उरकला. (त्यानंतर त्यांची बँडमधली जागा राहिली नाही, हे सांगायला नको.) हे रेकॉर्डिंग त्यानंतर आठ वर्षांनी, मे 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या डायनॅमो ओपन एअर महोत्सवात झालं.

आता स्टुडिओचं म्हणाल, तर तिथे आधी गिटार वाजवून ठेवायची, मग निवांत गळ्याचं काम करायचं. चुकलं तर परत. मंचावर हात आणि गळा एकाच माणसाचे. 'फ्लेश अँड द पॉवर इट होल्ड्स' हे गाणं घ्या. आठ मिनिटांच्या आसपासचं, मध्येच चाल बदलणारं. चकची बोटं एका लयीत धावतायत, आवाज दुसरीकडेच पडतोय आणि मागे ड्रमर रिचर्ड क्रिस्टीचे दोन्ही पाय डबल बेसवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या दोन पेडलांवर. मी एकदा नुसती गिटार धरून ऐकायचं ठरवलं, पुन्हा लावून नुसता गळा. एकाच वेळी दोन्ही धरणं मला ऐकतानाही जमलं नाही. तो ते करत होता. शिवाय हे गाणं ज्या अल्बममधलं, तो तेव्हा बाजारात यायचाच होता. न ऐकलेलं, इतकं वाकडंतिकडं गाणं हजारोंच्या गर्दीपुढे उघड्यावर वाजवायचं म्हणजे छाती लागते.

आणि तो 'आरडाओरडा'. गाणं संपलं की हाच माणूस अगदी साध्या, शेजारच्या मुलासारख्या आवाजात लोकांशी बोलतो. मग पुढचं गाणं सुरू, आणि गळ्यातून ते भलतंच काहीतरी. स्टुडिओतल्या अल्बममध्ये ही उडी ऐकूच येत नाही.

कार्यक्रमाचा शेवट 'पुल द प्लग'ने होतो. 1988 मधल्या 'लेप्रसी' अल्बममधलं हे गाणं, यंत्रांच्या आधारावर जगवल्या जाणाऱ्या रुग्णाच्या तोंडचं. ते आलं तेव्हा चक 21 वर्षांचा होता. आइंडहोवनच्या मंचावर 31 चा. पुढच्याच वर्षी, 13 मे 1999 रोजी, नेमक्या बत्तिसाव्या वाढदिवसाला, त्याला मेंदूच्या देठात गाठ असल्याचं कळलं. उपचारांचा खर्च आवाक्याबाहेरचा होता. त्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून ऑक्टोबर 2001 मध्ये लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमाचं आणि हे, अशी दोन लाइव्ह रेकॉर्डिंग्ज बाहेर काढली. 13 डिसेंबरला तो गेला.

ही हकिगत मला बरीच नंतर कळली, म्हणजे अल्बम आवडतो तो दयेपोटी नाही. पण कळल्यापासून एक फरक पडलाय. पूर्वी शेवटचं गाणं थांबलं की मी लगेच बंद करायचो. आता तुम्ही ज्याला कल्ला म्हणता, तो विरेपर्यंत चालू ठेवतो.