नववीची महाडची सहल

आठवीची सहल रायगडाची आणि नववीची महाडची, असा आमच्या पेणच्या शाळेचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला प्रासंगिक करारावर घेतलेली एस.टी. फाटकाशी येऊन उभी राही, आणि खिडकीच्या जागेवरून होणारी भांडणे मिटवता मिटवता नागोठणे मागे पडत असे. माणगावला वडापाव खाऊन झाल्याशिवाय इतिहासाचा शब्दही काढायचा नाही, हा नियम मी पहिल्याच वर्षी अनुभवाने शिकलो. ही सहल मी सतरा वर्षे नेली.

महाडात उतरल्यावर आम्ही गाडी स्थानकातच ठेवून चवदार तळ्यापर्यंत रांगेने पायी जात असू, कारण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी, तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी, गावातून मिरवणुकीनेच तळ्यावर गेले होते. दुकानदार कुतूहलाने पाहत, मागची मुले हसत, आणि तळ्याच्या पायऱ्या दिसल्या की रांग आपोआप मोडत असे. खरे सांगायचे तर प्रथमदर्शनी मुलांची निराशा होई; चारी बाजूंनी घरे असलेले, हिरवट पाण्याचे ते तळे त्यांना आपल्या गावच्या तळ्यासारखेच वाटे. मला मात्र तेच सोयीचे होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये हे तळे खुलेही केले होते, हे सांगितले की कोणीतरी हमखास विचारी, "मग सर, सत्याग्रह कशाला?" सहलीचा धडा खऱ्या अर्थाने तिथे सुरू होई. कागदावर खुले असलेल्या या पाण्याला गुरे तोंड लावू शकत होती, परंतु अस्पृश्य माणसाची तिथे उतरण्याची हिंमत होत नव्हती; डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायल्यानंतर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठवून परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली, आणि पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. घागरींचा हा आकडा ऐकून हसू फुटले नाही, अशी एकही तुकडी मला आठवत नाही. ते हसू मी कधी दाबले नाही.

सहलीच्या वहीत प्रत्येकाने स्वतः पाहिलेली एकच गोष्ट लिहायची असे. एका वर्षी एका अबोल मुलाने लिहिले होते, "वरून पाण्यापर्यंत उतरायला मला अर्धे मिनिट लागले." त्याला मी, या तळ्याचे पाणी घेण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालाची तारीख लिहून दिली : १७ मार्च १९३७.

क्रांतिस्तंभापाशी डबे सोडण्यापूर्वी २५ डिसेंबर १९२७ च्या मनुस्मृतिदहनाची हकिगत होई. डिसेंबरात महाडात भरलेल्या या दुसऱ्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली, आणि दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, या दोन गोष्टी मी कधीच गाळल्या नाहीत. मुलींना आवडे ती वेगळी गोष्ट : त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना, जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत सोडून द्या, असे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी कित्येकजणी नव्या पद्धतीने नेसून आल्या. यावर दरवर्षी मुलींच्या बाजूने टाळ्या पडत, आणि मग शाळेच्या गणवेशातील रिबिनीच्या सक्तीवर माझ्याशी वाद सुरू होई, तो कोलाड येईपर्यंत चाले. माझ्या सतराव्या, म्हणजे शेवटच्या सहलीत मी तो वाद हरलो, आणि जूनपासून रिबिनी ऐच्छिक झाल्या.