वार्षिक सभा झाली नाही म्हणून कमिटीची मुदत वाढत नाही: माझा अनुभव

आमची संस्था गोव्यातील अनेक इमारतींप्रमाणे हाउसिंग मेंटेनन्स सोसायटी म्हणून नोंदलेली आहे. सदनिका ज्याच्या त्याच्या नावावर आहेत आणि गच्ची, लिफ्ट, पाण्याचा पंप, चिऱ्यांची कुंपणभिंत यांची देखभाल संस्थेकडे आहे. अशा संस्थेत काम करायला सहसा कोणी पुढे येत नाही. निम्मे सभासद आखातात किंवा इंग्लंडमध्ये, काही सदनिका भाड्याने, काही वर्षभर कुलूपबंद; त्यामुळे एकदा आलेली कमिटी कोणी हटकेपर्यंत तशीच चालू राहते. आमच्या कमिटीची पाच वर्षे भरत आली, तेव्हा त्याआधीच्या दोन वर्षांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा झालेल्याच नव्हत्या. हिशोबाचे वर्ष 31 मार्चला संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सभा घ्यावी असे आमच्या उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नोंदलेल्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलेले आहे. एका वर्षी लेखापरीक्षण रखडले म्हणून सभा राहिली, पुढच्या वर्षी ‘चवथ होऊ दे, मग बघूया’ असे सांगून लांबवली आणि चवथीनंतर दिवाळीही गेली.

सभा लांबल्याचा राग एक वेळ गिळता आला असता. पण त्या चुकीचाच आधार घेऊन कमिटीने आपली मुदत वाढवून घेतली, हे मला अजूनही सहन होत नाही. मुदतीचा विषय काढला तेव्हा सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, “भाई, सभाच झाली नाही तर नवी कमिटी येणार कुठून? सभा होईपर्यंत आम्हीच.” जिन्यात उभ्या असलेल्या सभासदांना हे पटलेही.

प्रत्यक्षात वार्षिक सभा आणि कमिटीची मुदत यांची गणिते वेगळी आहेत. मुदत निवडणुकीच्या तारखेपासून मोजली जाते. मधली एखादी सभा झाली किंवा बुडाली, याने ती तारीख पुढे सरकत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सभा बुडाली म्हणून 1 ऑक्टोबरच्या सकाळी सभासदांनी आपणच कमिटी बरखास्त झाल्याचे जाहीर करून चालत नाही. त्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करावी लागते आणि निर्णय त्यांनी द्यायचा असतो. घटनेच्या 97 व्या दुरुस्तीने 15 फेब्रुवारी 2012 पासून सहकारी संस्थांच्या संचालक मंडळाला निवडणुकीपासून पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक, असा नियम घातला होता. 20 जुलै 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द ठरवून केवळ बहुराज्य संस्थांसाठी कायम ठेवला. त्यामुळे आमच्यासारख्यांनी घटनेतील त्या कलमांवर विसंबून न राहता गोवा सहकारी संस्था कायदा, 2001 आणि आपले नोंदलेले उपविधी यांवरच बोट ठेवावे. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे सल्लेही तपासून घ्यावेत. महाराष्ट्राचा कायदा 1960 चा आहे, त्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि ती कलमे इथल्या अर्जात लिहिली तर अर्ज कमकुवत होतो.

हे सगळे समजून घ्यायला फारसा वेळ लागला नाही. घोडे अडले ते एका तारखेपाशी. मुदत संपली असे म्हणायचे तर ती सुरू कधी झाली, हे कागदावर दाखवावे लागते आणि तो कागद माझ्याकडे नव्हता. इतिवृत्ताची वही सेक्रेटरींच्या कपाटात होती. प्रतीसाठी रीतसर अर्ज लिहिला, तर ‘कमिटीपुढे ठेवू’ असे उत्तर मिळाले आणि माझ्या दुप्रतीवर पोच द्यायलाही ते तयार झाले नाहीत. शेवटी तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. त्याचे उत्तर आले नाही, पण पोस्टाची पावती पुढे फार उपयोगी पडली. संस्थेकडे दिलेला प्रत्येक कागद पोच घेऊन किंवा पोस्टाने द्यावा, हे इथेच सांगून ठेवतो.

मग लक्षात आले की निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या निकालपत्राची एक प्रत सहकार खात्याच्या कार्यालयातील आमच्या संस्थेच्या फायलीत असायला हवी. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. तीस दिवसांची मुदत जवळजवळ पूर्ण वापरून उत्तर आले की ही माहिती संस्थेची असल्यामुळे ती संस्थेकडूनच घ्यावी. ज्या संस्थेने पोच द्यायचे नाकारले तिच्याच दारात मला परत पाठवण्यात आले होते. ते एका ओळीचे उत्तर वाचून झालेला संताप आजही आठवतो, कारण फायल त्याच कार्यालयाच्या रॅकवर होती आणि अर्जात मी केवळ तिच्यातील एका पानाची प्रत मागितली होती.

अशा उत्तराने कोणी माघार घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळमधील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले आहे की सर्वसाधारण सहकारी संस्था ही माहिती अधिकार कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक प्राधिकरण नाही, पण निबंधक आहे. आणि निबंधकाकडे असलेली किंवा कायद्याने त्याला संस्थेकडून मागवता येणारी माहिती त्याच्याकडे मागता येते. पहिल्या अपिलात मी हाच मुद्दा लिहिला आणि दुसरे काहीही लिहिले नाही. हे अपील उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत करायचे असते. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, “निकालपत्र फायलीत आहे की नाही?” ते होते. तोपर्यंत पावसाळा तोंडावर आला होता, गच्चीवरच्या पत्र्यांचे काम अडले होते आणि ठेकेदाराच्या धनादेशावर सही करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न रोज जिन्यात निघत होता.

मिळालेली प्रत साधीच होती. टंकलिखित एक पान, कडेला पंचिंगची दोन भोके, खाली निवडणूक अधिकाऱ्यांची सही आणि अर्धवट उमटलेला जांभळा गोल शिक्का. सहीखाली हाताने तारीख लिहिलेली होती. ती पाहून मला मनापासून अभिमान वाटला, हे सांगायला संकोच कशाला? कमिटीची पाच वर्षे केव्हाच उलटून गेली होती.

पुढचे सगळे विनासायास झाले. निकालपत्र, उपविधीतील मुदतीचे कलम आणि पोस्टाची पावती जोडून निवडणूक घेण्याची विनंती केली, निवडणूक अधिकारी नेमले गेले आणि नवी कमिटी आली. अर्जावर आमच्या मजल्यावरील सभासदांच्याही सह्या होत्या. काहींना भीती होती की कार्यालय प्रशासक बसवील आणि त्याचा खर्च आपल्या माथी येईल. तसा अधिकार कायद्यात आहे, म्हणूनच निवडणुकीची मागणी लवकर करणे बरे, हे त्यांना समजावून सांगावे लागले. अर्जात गळती, पार्किंग, शेजाऱ्याचा कुत्रा असले विषय घालू नयेत. तसे केले की कार्यालयाला तो सभासदांमधील आपसातला वाद वाटतो आणि मुदतीचा मुद्दा मागे पडतो.

परगावच्या सभासदांमुळे गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होत नाही, हे कारणही ऐकून घेऊ नये. आमच्या उपविधीप्रमाणे गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेता येते. मात्र तसे सूचनेतच लिहिलेले असावे लागते. आपल्या उपविधीत काय आहे ते आधी पाहावे. नव्या कमिटीने राहिलेल्या दोन्ही वर्षांचे लेखापरीक्षण करून घेतले, दोन्ही वर्षांचे हिशोब एकाच सभेत वेगवेगळ्या ठरावांनी मांडले आणि बँकेत सह्या बदलल्या. त्याच सभेत मी मांडलेला ठराव एकमताने मंजूर झाला: निवडणुकीची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख लिफ्टशेजारच्या फलकावर कायम लावलेली राहील आणि निकालपत्राची प्रत मागेल त्या सभासदाला सात दिवसांत दिली जाईल.