लायबेरियाची एवढी जहाजं?

जर्मनीतलं हँबुर्ग हे एवढं मोठं बंदर, पण समुद्रावर नाही. एल्बे नदीतून शंभरएक किलोमीटर आत आलं की ते लागतं. म्हणून इथल्या पोरांना अजस्र जहाजं नदीकाठावरून, अगदी जवळून बघायला मिळतात.

आम्ही त्यासाठी लोकलने वेडेलला जातो. तिथे शुलाउच्या धक्क्याशी १९५२ पासून जहाजांचं स्वागत होतं. मोठं जहाज समोर आलं की हँबुर्गचा झेंडा जरा खाली घेऊन सलामी देतात आणि लाउडस्पीकरवर जहाजाच्या देशाचं राष्ट्रगीत लावतात. मग निवेदक जहाजाची लांबी, वजन, बांधणीचं साल सांगतो. मोठी माणसं कॉफी पीत ऐकतात, पोरं मात्र कठड्याला लोंबकळून हात हलवत असतात. कधी जहाजाचा भोंगा वाजतो, मग त्यांच्या आरडाओरड्यापुढे निवेदकाचं काही ऐकू येत नाही.

नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, रंगवलेले आकडे वाचायचा खेळही चालतो. जहाज पाण्यात किती मीटर बुडालंय ते त्यावरून कळतं. फार खोल बसलेली जहाजं भरतीची वेळ साधून येतात.

वाळूवर उतरलात तर मात्र सावध राहा. जहाज जाताना काठाचं पाणी आधी आत ओढलं जातं, ओली वाळू उघडी पडते, पोरं नेमकी तिकडे धावतात आणि मग लाट उलटून येते. तिथल्या इशाऱ्याच्या पाट्या शोभेच्या नाहीत.

राष्ट्रगीताची गंमत वेगळीच. ते वाजतं जहाजाच्या झेंड्यानुसार. खर्च आणि कर वाचवायला मालक नोंदणी लायबेरिया, पनामा नाहीतर मार्शल बेटांत करतात. त्यामुळे आमच्या लेकीला बरेच दिवस वाटायचं, लायबेरिया म्हणजे जगातला सगळ्यात श्रीमंत देश असणार. मी समजावलं, की मालक जर्मन असू शकतो, खलाशी फिलिपिन्सचे, आपल्याकडचे, आणखी कुठलेही.

"मग त्या काकांचं गाणं कधी लावतात?"

"अगं, मग एका जहाजाला चार-पाच गाणी लावावी लागतील."

"लावू देत की! चारशे मीटरचं जहाज आहे, लगेच थोडंच संपतंय?"