एक गाडी, सात नोंदी

मी काम करतो त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, छंद म्हणून सर्किट बांधणारी मंडळी अधूनमधून आपले अडलेले काम घेऊन येतात. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांनी खेळण्यातल्या रेल्वेचे फाटक आणले होते. गाडी सेन्सरसमोर आली की साधारण पाऊण सेकंदाने फाटक पडावे आणि त्याच क्षणी चार बिटांच्या, म्हणजे 0 ते 15 मोजणाऱ्या, काउंटरमध्ये एकाची भर पडावी, एवढीच अपेक्षा होती. फाटक वेळेवर पडत होते; काउंटर मात्र एका गाडीला कधी 3, कधी 7 मोजत होता.

“सेन्सरच गडबड करतोय, सर. दोन बदलून पाहिले,” ते म्हणाले. मलाही आधी तसेच वाटले. पण व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर सेन्सरचा आउटपुट एकाच स्वच्छ उडीत खाली येताना दिसला, तेव्हा संशय विलंबाच्या भागावर आला.

विलंबासाठी त्यांनी 74एचसी04 या आयसीतल्या दोन इन्व्हर्टरच्या (इनपुट उलटा करून देणाऱ्या सर्किटांच्या) मध्ये 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि विद्युतभार साठवणारा 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला होता. या दोहोंचा गुणाकार 1 सेकंद येतो आणि कपॅसिटर निम्म्या व्होल्टेजपर्यंत भरायला त्याच्या सुमारे 0.69 पट वेळ लागतो, म्हणजे हिशेब चोख होता. नुसते इन्व्हर्टर एकामागे एक जोडून हा विलंब मिळवायचा तर, प्रत्येकी 10 नॅनोसेकंद धरले तरी, सुमारे 7 कोटी इन्व्हर्टर लागले असते. तेव्हा मार्गही योग्यच निवडला होता.

आता ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे मोजणीचे टोक, कपॅसिटरवर लावला. तो 10 पटींचा, म्हणजे सर्किटवर दहापट कमी भार टाकणारा, असेल याची काळजी घ्यावी लागते, कारण साध्या प्रोबचा 1 मेगओहमचा भार 100 किलोओहमच्या मागे आला की मोजणाराच मोजमाप बिघडवतो. पडद्यावर चढण अगदी गुळगुळीत होती. दुसऱ्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर मात्र एका रेघेऐवजी झुडूप उगवले होते, आणि ते ताणून पाहिल्यावर त्यात वर-खाली जाणारे कितीतरी बारीक ठोके निघाले.

5 व्होल्टच्या पुरवठ्यावर हा चढ 2.5 व्होल्टपाशी येतो, तेव्हा तो एका मिलिसेकंदाला जेमतेम 2.5 मिलिव्होल्ट सरकत असतो. त्या अरुंद पट्ट्यात इन्व्हर्टर होय-नाही असा निवाडा करत नाही, तो अॅम्प्लिफायरसारखा वागतो. आउटपुट बदलतो, त्यावरचा एलईडी पेटतो, पुरवठा किंचित खचतो, त्याबरोबर उंबरठाही (ज्या व्होल्टेजला इन्व्हर्टर निवाडा बदलतो ती पातळी) हलतो आणि आउटपुट परत फिरतो. 74एचसी04 च्या माहितीपत्रकात 4.5 व्होल्टला इनपुटच्या चढ-उताराची मर्यादा सुमारे 500 नॅनोसेकंद दिलेली असते. आमचा चढ त्याहून लाखो पट मंद होता. आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर झुडूप विरळ झाले, पण गेले नाही.

उपाय मात्र हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता. 74एचसी14 मध्येही सहा इन्व्हर्टर असतात आणि पिनांची मांडणीही तीच असते, फक्त त्यांचे इनपुट श्मिट ट्रिगर प्रकारचे असतात: चढताना आणि उतरताना उंबरठा वेगळा, आणि दोहोंत सुमारे 1 व्होल्टचे अंतर. पुरवठा बंद करून एक आयसी काढला आणि त्याच खाचांत दुसरा बसवला. एकही तार हलवावी लागली नाही. विलंब थोडा वाढला, पण झुडपाच्या जागी एक सरळ उभी रेघ आली.

तेवढ्यात त्यांनी पाठोपाठ दोन गाड्या सोडल्या आणि दुसऱ्या गाडीला फाटक लवकर पडले, कारण कपॅसिटर पुरता रिकामा होत नव्हता. तो चटकन उतरावा म्हणून रेझिस्टरला समांतर एक डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा घटक) लावला. पहिल्या इन्व्हर्टरवर एकदम ताण येऊ नये म्हणून त्या डायोडच्या मार्गात 330 ओहमही घातले. हा बारकावा घाईत हमखास राहून जातो.

मग गृहस्थ गाड्या सोडत राहिले आणि मी काउंटरच्या चार दिव्यांकडे पाहत राहिलो. पंधराव्या गाडीला चारही दिवे पेटले आणि सोळाव्या गाडीला चारही विझले.