शकुंतलेच्या वेगाने: यवतमाळ ते अचलपूर, एकट्याने सायकलीवर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी यवतमाळहून अचलपूरपर्यंत एकट्याने सायकलीने गेलो. हा मार्ग निवडण्याचे कारण शकुंतला होते. दोन रुळांमध्ये जेमतेम ७६२ मिलिमीटर अंतर असलेली ही अरुंद रेल्वे यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर अशी सुमारे १९० किलोमीटर धावत असे. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लोहमार्गापर्यंत आणि तेथून मुंबईच्या बंदरावर नेऊन विलायतेच्या गिरण्यांना पुरवावा, यासाठी एका खासगी ब्रिटिश कंपनीने ती बांधली. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झाले होते आणि ते १९९४ पर्यंत चालले, म्हणजे ज्या गावी आमचा कापूस जाई त्याच गावाहून तो नेणारे यंत्र आले होते. आता काही वर्षांपासून गाडी बंद आहे.

लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही दारव्ह्याहून या गाडीने मामाच्या गावी जात असू आणि मूर्तिजापूरला गाडी बदलत असू. बहुतेक स्थानकांवर कर्मचारी नसल्यामुळे गार्डच खाली उतरून तिकिटे देई. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटरचे अंतर ती साधारण चार तासांत कापायची, म्हणजे तिचा वेग ताशी १९ किलोमीटर पडतो. सपाट रस्त्यावर सामान लादलेली माझी सायकलही जवळपास याच वेगाने चालते. हा हिशेब एका रात्री सहज कागदावर मांडला आणि त्यानंतर जाण्याचा विचार डोक्यातून गेलाच नाही. घरून एकच प्रश्न आला, सोबत कोणी का नाही? सोबत असणाऱ्याला प्रत्येक पडक्या स्थानकावर थांबायला लावणे मला प्रशस्त वाटले नाही, हे त्याचे खरे उत्तर होते.

सामान नऊ किलो भरले. त्यात कपड्यांपेक्षा दुरुस्तीचे साहित्य जास्त होते: दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, पाने, हातपंप. यवतमाळ पठारावर असल्यामुळे पहिला दिवस चढउतारांचा असला तरी एकंदर कल उताराकडेच राहतो. लाडखेडच्या पुढे कापसाची वेचणी जोरात चालू होती. गच्च भरलेली वाहने जिनिंगकडे जाताना रस्त्याकडेच्या बाभळींना घासत होती आणि काट्यांना लागलेल्या कापसामुळे ती झाडे अवेळी फुलल्यासारखी दिसत होती. दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकात तासभर बसलो. रूळ गवतात शोधावे लागले. तेथे शेळ्या चारणाऱ्या एका गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "कुठून आले भाऊ?" मी यवतमाळ म्हणताच ते म्हणाले, "सायकलनं? कावून, गाडीत तेल टाकाले पैसे नोते का?" सायकल म्हणजे गरज, हौस नव्हे, हे आमच्याकडचे समीकरण इतके पक्के आहे की मोटारसायकल घरी ठेवून सायकलीने निघालेला मध्यमवयीन माणूस एक तर नवस फेडत असतो किंवा रुसून निघालेला असतो. शेवटी मी अचलपूरला पाहुण्यांकडे जातो आहे एवढेच सांगू लागलो. ते सर्वांना पटत होते.

कारंजाला मुक्काम केला. नृसिंह सरस्वतींच्या या जन्मगावी गुरुमंदिरात दर्शन घेतले आणि लवकर झोपलो. लॉजविषयी न लिहिलेले बरे.

जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडचे बालाघाट आणि पाईनघाट असे भाग केलेले आढळतात. बालाघाट म्हणजे वरचे पठार आणि पाईनघाट म्हणजे पूर्णेचे खोरे. हे शब्द मी शाळेत पाठ केले होते, पण त्यांचा अर्थ कारंजाहून मूर्तिजापूरकडे जाताना मांड्यांना कळला. टेकड्या मागे पडत गेल्या, जमीन सपाट आणि काळीभोर होत गेली आणि पायडल मारण्याचे श्रम एकदम कमी झाले. मात्र हे सुख फार टिकले नाही. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही हालचाल दरवर्षी चालू असल्याने तिच्यावर अंथरलेला डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. जीपमध्ये बसलेल्याला त्या लाटा पोटात जाणवतात, सायकलस्वाराला त्या मनगटात आणि पाठीच्या मणक्यात जाणवतात.

मूर्तिजापूरच्या पुढे, लाखपुरीजवळ पूर्णा ओलांडताना पात्रात पाणी थोडेच होते. आता मी खारपाणपट्ट्यात होतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. ते सतत दिले तर माती बिघडते, म्हणून एवढी खोल, सुपीक जमीन असूनही विहिरीच्या भरवशावर ओलीत करता येत नाही आणि शेती पावसावर व जमिनीत मुरलेल्या ओलीवर होते. म्हणूनच हिवाळ्यात येथे जिकडे पाहावे तिकडे कोरडवाहू हरभरा आणि तूर दिसते. लहानपणी मामाकडचे पाणी पिताना आम्ही तोंडे वेडीवाकडी करायचो आणि मामी म्हणायची की या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही. सायकलीवर तहान लागते तेव्हा ही आठवण गमतीची राहत नाही. माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, रस्त्यात हापसा दिसला, मी दोन घोट घेतले आणि उरलेले पाणी तोंड धुण्यासाठी वापरले.

पहिले पंक्चर त्याच हापशापाशी झाले. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या काट्या रस्त्यावरून ओढत नेल्या होत्या आणि त्यांतला एक काटा मागच्या चाकात शिरला होता. मी ट्यूब बदलली, पण टायरच्या आत बोट फिरवून काट्याचे टोक शोधण्याचा कंटाळा केला, त्यामुळे तीन किलोमीटरवर दुसरी ट्यूबही गेली. चूक सर्वस्वी माझी होती. दुसऱ्या वेळी तूर कापणाऱ्या दोन बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्या आणि एकीने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते माझ्याआधी दाखवले. तिचा मुलगा रोज शाळेत सायकलने जातो, असे तिने सांगितले.

संध्याकाळी दर्यापूरला पोहोचलो. मामा आता नाहीत, मामी मुलाजवळ राहते. तिने माझी सायकल पाहिली, पाय पाहिले आणि हळूच विचारले, "बायकोसंग भांडून तं नाही आला ना रे बाबू?" जेवायला तुरीच्या दाण्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर होती. आता सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचे पाणी नळाने येते, त्यामुळे डाळही शिजते, असे ती विशेष अभिमानाने म्हणाली.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला मेळघाटच्या डोंगरांची निळी रेघ सतत समोर होती आणि रस्ता नकळत चढत होता. एकट्याने हिंडणारा माणूस या मुलखाला नवा नाही. अंजनगाव तालुक्यातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडले. त्यांच्या मानाने माझ्याकडे गिअरची सायकल होती, त्यामुळे दमलो असे म्हणण्याचीही लाज वाटली. अंजनगाव सुर्जीला पानमळे आणि पानपिंपरी या औषधी वेलीचे मांडव पाहिले. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला तो याच गावी.

पथ्रोटच्या अलीकडे खारपाणपट्टा मागे पडला आणि संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. एका बागायतदारांनी विहिरीचे पाणी तांब्याभर दिले. ते गोड होते. मी दोन तांबे प्यालो, बाटल्या भरल्या आणि त्यांनी दिलेली चार संत्री खिशांत कोंबली.

अचलपूर स्थानकावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. फलाटावर बसून मूर्तिजापूरपासूनचा हिशेब केला. दर्यापूरचा मुक्काम वगळून, दोन पंक्चर, तीन चहा आणि पानमळे धरून मला सव्वासात तास लागले होते. मामीला फोन करून पोहोचल्याचे सांगितले आणि हिशेबही ऐकवला. ती म्हणाली, "मंग आपली शकुंतलाच बरी होती. चार घंट्यांत पोचवे."