तुम्ही विचारलंत म्हणून: तळलेला मासा कुरकुरीत कसा राहतो?

परभणीत आमच्या घरी मासा खाऊन उठलेला पाहुणा हात धुता धुता हमखास विचारतो, "पिठात काय घालता हो? आम्ही केला की कढईतच पीठ सुटतं, अन् ताटात येईस्तोवर मऊ पडतं." सगळे पिठाबद्दल विचारतात. माझं सगळं लक्ष पाण्याकडे असतं. मासा मऊ पडतो तो त्याच्या अंगातल्या पाण्यानं.

आमच्याकडे समुद्राचा मासा बर्फातून येतो. ताजा म्हणाल तर धरणाचाच. येलदरीचा, जायकवाडीचा. रोहू, कातला, चिलापी, आणि मिळाली तर मरळ. पीठ लावून तळायला मरळीसारखा मासा नाही: मांस घट्ट, काटे कमी. रोहूत दुफाटी बारीक काटे असतात. वर पीठ चढलं की ते दिसत नाहीत, म्हणून लेकरांसाठी मी रोहू असा तळत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाला कधीकधी चिखलाचा वास येतो. तो आंबटानं उतरतो. म्हणून मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून तुकडे वीसेक मिनिटं ठेवायचे. मिठानं ताटलीत पाणी साचतं, आणि बहुतेकांच्या घरी ते तुकड्यासोबत तसंच पिठात जातं. मी प्रत्येक तुकडा धुतलेल्या सुती कापडात दाबून टिपते, पोटाच्या पोकळीतूनसुद्धा. बोट लावलं तर किंचित चिकटावं, ओलं लागू नये. मग कोरडं तांदळाचं पीठ लावून झटकायचं. ओलं पीठ याच थराला धरून राहतं.

अर्धा किलो माशाला अर्धी वाटी बेसन, पाव वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, तिखट, मीठ, चिमूटभर सोडा. तांदळाचं नसेल तर ज्वारीचं घ्या, दोन्हींत चिवटपणा येत नाही. मैदा मात्र ढवळला की चिवट होतो. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्यांचा कूट, कालवणातच शोभतो, तळणात जळून कडवट लागतो. पाणी बर्फाचं, आणि पीठ अगदी आयत्या वेळी भिजवायचं. भज्याच्या पिठापेक्षा पातळ हवं: तुकडा उचलला की धार गळावी आणि मागे पातळ पापुद्रा उरावा.

तेल शेंगदाण्याचं. घाण्याचं करडईचं तेल मला भाजीत फार प्रिय, पण ते लवकर धुरकटतं, तळणाला नको. तेल १७५ ते १८० अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब सोडून बघा, तो लगेच वर यायला हवा. एका वेळी तीन-चारच तुकडे, नाहीतर तेल थंड होतं आणि पीठ ते पिऊन बसतं. सुरुवातीला तुकड्याभोवती मोठे, दाट बुडबुडे उसळतात. ते पिठातलं आणि माशातलं पाणी, वाफ होऊन निघालेलं. बुडबुडे बारीक झाले, चरचर हलकी झाली की काढा. त्याआधी झारा लावूच नका, पीठ निघतं.

काढलेला मासा कागदावर पसरू नका. खाली वाफ कोंडते आणि तेवढी बाजू मऊ होते. चाळणीवर उभे-आडवे, सुटे ठेवा. वर झाकण तर अजिबात नको.

पाहुणे उशिरा येणार असतील तर मासा आतून शिजला, पण रंग फिका आहे, अशा वेळी काढून ठेवा. ते पानावर बसले की कडक तेलात मिनिटभर परत तळा. लिंबू ताटात वेगळं द्या, वरून पिळून आणू नका.