नऊ पानांची एक पीडीएफ आणि फोनवरचं ‘प्रिंट’

भाचीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ताईने भांडुप स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून सगळे कागद स्कॅन करून घेतले. स्कॅन स्वच्छ होते, पण त्याने नऊ पानांची एकच पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. अर्जात तर गुणपत्रिका वेगळी, शाळा सोडल्याचा दाखला वेगळा, जातीचा दाखला वेगळा. घरात लॅपटॉप नाही आणि रात्री दुकान बंद.

भाचीने लगेच पानं सुटी करून देणारी एक वेबसाइट शोधली. मी तिला थांबवलं. अशा बहुतेक साइटवर आधी आपली फाइल त्यांच्या सर्व्हरवर चढते. आधार, जात, जन्मतारीख, घरचा पत्ता, सगळं एकगठ्ठा अनोळखी माणसाच्या हातात का द्यायचं?

“अगं मावशी, सगळे असंच करतात!”

“करू देत. आपल्या फोनमध्ये सोय असताना आपण नाही करायचं.”

ही सोय ‘प्रिंट’मध्ये आहे. नाव प्रिंट असलं तरी प्रिंटर लागत नाही. अँड्रॉइडमध्ये ती ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून आहे, तरी आजूबाजूला फार कुणाला ठाऊक नसते. फाइल गूगल ड्राइव्हच्या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये उघडली, वरच्या तीन टिंबांवरून ‘प्रिंट’ घेतलं. वर प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडलं. खालचा बाण ओढला की कागदाचा आकार आणि पानं दिसतात. आकार तिथे ‘लेटर’ असेल तर ‘ए४’ करून घ्यावा, नाहीतर कडेला नको ती पांढरी पट्टी येते. पानांच्या रकान्यात ‘ऑल’ऐवजी ‘रेंज’ घेऊन नुसतं १ लिहिलं, की खाली फक्त गुणपत्रिका उरते. जातीचा दाखला पाठपोट होता, म्हणून तिथे ४-५. मग पीडीएफचं गोल बटण दाबायचं आणि नाव द्यायचं. हे नाव तिथल्या तिथे द्यावंच; नाहीतर डाउनलोड्समध्ये एकाच नावाच्या फाइली साचतात आणि अर्ज भरताना कुठली कोणती ते कळत नाही. पहिल्या दोन मी केल्या, पुढच्या भाचीने भराभर केल्या. मूळ फाइल जशीच्या तशी राहते, त्यामुळे एखादं पान चुकलं तरी बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. डोमिसाईल ताईने ऑनलाइन काढलं होतं आणि त्यावर डिजिटल सही होती. अशी फाइल प्रिंटमधून काढू नये. नवी फाइल तयार होते, त्यात सहीचं चित्र दिसतं, पण पडताळता येणारी सही उरत नाही. म्हणून झेरॉक्सवाल्याच्या गठ्ठ्यातलं ते पान सोडून दिलं आणि मूळ डाउनलोड केलेलीच फाइल चढवली. फाइलच्या ‘डिटेल्स’मध्ये साइजही बघून घेतली, अर्जात मर्यादा दिलेली असते आणि प्रिंटमधून काढलेली फाइल कधीकधी जड होते.

शेजारच्या काकूंच्या मुलाकडे आयफोन आहे. त्यालाही असंच जमलं: ‘फाइल्स’ ॲपमध्ये पीडीएफ उघडायची, शेअरमधून ‘प्रिंट’, हवी ती पानं निवडायची, मग तिथलं शेअरचं चिन्ह दाबून ‘सेव्ह टू फाइल्स’.